अर्धा गुण का कापला? (अंतर आणि विस्थापन)

चारभिंती | मंगळवार, रात्री ९:४८

मंडळी, छोटासा जळफळाट आहे, पण इथं नाही ओकायचा तर कुठं.

लेक नववीत आहे, साताऱ्यात. मी नोकरीपायी सोमवार ते शुक्रवार पुण्यात. आज घटक चाचणीचे पेपर मिळाले आणि तिच्या आईनं व्हॉट्सॲपवर फोटो धाडला. विज्ञानात २० पैकी १८½. एक गुण कुठं गेला ते कळलं, तिथं गाढवपणाच आहे. उरलेला अर्धा मात्र घशाखाली उतरत नाही.

प्रश्न असा: ७० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाकार मैदानाच्या कडेनं एक मुलगी 'अ' पासून निघते आणि अर्धी फेरी मारून बरोबर समोरच्या 'ब' ला पोचते. तिनं कापलेलं अंतर आणि तिचं विस्थापन काढा. (३ गुण)

लेकीचं उत्तर जसंच्या तसं: अंतर = २२/७ × ७० = २२०. विस्थापन = व्यास = १४० मीटर.

तीनपैकी अडीच. लेक फोनवर म्हणाली, "दिशा नाही लिहिली म्हणून कापला असेल." आता सांगा, आकडा बरोबर, रीत बरोबर, मग दिशेचं एवढं काय सोनं लागलंय? आणि मुळात हे विस्थापन लागतं कुणाला? पेट्रोल अंतराला जळतं. चप्पल अंतराला झिजते. रिक्षावाला अंतराचे पैसे घेतो. विस्थापन ही पेपर काढणाऱ्यांच्या सोयीसाठी काढलेली भानगड आहे, असं माझं मत. चुकत असेन तर झोडपा.

कंदीपेढा | मंगळवार, रात्री ९:५५

पयला!

शून्य विस्थापनाचं उदाहरण घ्या. काल संध्याकाळी दूध आणायला निघालो, पोवई नाक्यावर दोस्त भेटला, गप्पा मारत राजपथानं राजवाड्यापर्यंत गेलो, खालच्या रस्त्यानं परत आलो, घरात शिरलो. दूध राहिलं. बायकोच्या हिशेबी अंतर तीन तास, विस्थापन शून्य, कार्यही शून्य.

निवृत्त_फळा | मंगळवार, रात्री १०:२०

चारभिंती, एकतीस वर्षं नववी-दहावीला हेच शिकवलं, म्हणून लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

मुलं पाठ काय करतात? "विस्थापन म्हणजे दोन बिंदूंतलं सर्वांत कमी अंतर." घोळ तिथंच होतो. एकदा 'कमी अंतर' म्हटलं की मुलाच्या डोक्यात विस्थापन म्हणजे अंतराचं धाकटं भावंड होऊन बसतं. अंतराला विचारायचं, किती चाललास? विस्थापनाला विचारायचं, निघालास तिथून बघता आता कुठं आहेस? आणि 'कुठं' ह्या प्रश्नाला नुसता आकडा सांगून भागत नाही. माझं घर पोवई नाक्यापासून दोन किलोमीटरवर आहे, एवढंच सांगून तुम्हाला जेवायला बोलावलं तर तुम्ही गोडोलीत शोधणार, करंज्यात शोधणार की अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर हाका मारणार?

म्हणून अंतर अदिश, म्हणजे नुसता आकडा; विस्थापन सदिश, म्हणजे आकडा आणि दिशा. अर्धा गुण कापला ते बरोबरच. माझ्या हातात पेपर असता तर एक कापला असता.

चारभिंती | मंगळवार, रात्री १०:२६

सर, तुमच्या वर्गात नव्हतो हे नशीब.

आयर्विनपूल | मंगळवार, रात्री १०:४१

फळा सरांशी असहमत. विस्थापन सदिश आहे हे मान्य, पण त्या प्रश्नात उत्तर दिशा दाखवली होती का? 'अ' पूर्वेला की पश्चिमेला? दिलंच नसेल तर लेकरानं दिशा आणायची कुठून, आभाळातून? अशा वेळी 'विस्थापनाचे परिमाण काढा' (म्हणजे नुसता आकडा) असा शब्द घालायची जबाबदारी पेपर काढणाऱ्याची.

निवृत्त_फळा | मंगळवार, रात्री १०:५०

'अ कडून ब कडे' एवढे चार शब्द. दिशाच ती.

आयर्विनपूल | मंगळवार, रात्री १०:५२

ते प्रश्नातच लिहिलंय की हो सर! परत उत्तरात लिहून काय मोठं ज्ञान दिसणार?

भडंग_मिरची | मंगळवार, रात्री ११:०३

सातारा विरुद्ध सांगलीचा आयर्विनपूल सुरू. मी भडंग घेऊन बसलोय.

लालडबा | बुधवार, सकाळी ६:१०

मी एसटीत चालक. सातारा-स्वारगेट २२ वर्षं मारतोय. शिक्षण बारावी, पण ह्या विषयात माझ्याइतका अभ्यास कुणाचा नसंल.

खंबाटकी बघा. पुण्याकडनं येताना खंडाळा सोडलं की घाट चढायचा. साताऱ्याकडनं जाताना वेळ्यापुढनं बोगद्यातनं निघायचं. म्हंजे खंडाळा ते वेळे यायला अंतर जास्त, वेळे ते खंडाळा जायला अंतर कमी. पण गावं काय रात्रीत सरकत नाहीत. विस्थापन दोन्ही वेळेला तेवढंच, फक्त तोंड उलटं. चारभिंती साहेब, तुम्ही दर शुक्रवारी-सोमवारी हेच करताय आणि वर विचारताय विस्थापन कुणाला लागतं.

तिकीट मात्र अंतराचंच. सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्यावर भाडं. आणि ड्युटी संपताना गाडी डेपोत जिथनं काढली तिथंच लावायची, म्हंजे दिवसभराचं विस्थापन शून्य. कुणा हुशार साहेबानं विस्थापनावर पगार काढायचा ठरवलं तर आमची सगळ्यांची पोरं उपाशी मरतील.

भडंग_मिरची | बुधवार, सकाळी ८:३०

लालडबा दादा, प्रवासी झोपला आणि साताऱ्याऐवजी कराडात जागा झाला तर?

लालडबा | बुधवार, दुपारी १:१५

त्याला आम्ही उठवत न्हाई. झोप मोडली की लोक शिव्या देतात. कराडात उतरून परतीचं तिकीट काढतो बिचारा. अंतर दुप्पट, विस्थापन जेवढं ठरलं होतं तेवढंच.

कोनमापक | बुधवार, दुपारी २:०५

दुप्पट नाही. पुणे-सातारा साधारण ११०, सातारा-कराड पन्नासेक. कराडला जाऊन परत आला की ११० + ५० + ५०. बाकी बरोबर.

(सांगलीत अभियांत्रिकीच्या पोरांना शिकवतो, सवय जात नाही. हलकेच घ्या.)

टाचदुखी | बुधवार, दुपारी ३:४०

माझा ह्यात जुना राग आहे म्हणून लिहिते.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पळले. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यानं पुढं जायचं, तिथून फिरून परत जिथून सुटलो तिथंच यायचं. २१.०९७५ किमी अंतर, विस्थापन शून्य. सरासरी वेग म्हणजे विस्थापन भागिले वेळ, म्हणून पहिला आलेला पोरगा आणि तीन तास तंगडतोड करून आलेली मी, दोघांचा सरासरी वेग सारखाच: शून्य! हे मी घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मग पहाटे चारला उठून गेलीस कशाला?"

राग असा की माझ्या घड्याळानं अंतर २१.४ दाखवलं. आयोजकांशी भांडायला गेले. तिथल्या काकांनी समजावलं की मार्ग मोजतात तो वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, शक्य तितक्या जवळच्या रेषेनं. आपण गर्दीत इकडून तिकडं, पाण्याच्या टेबलाकडं, सेल्फी काढणाऱ्यांना चुकवत पळतो. ते पटलं. पण मग माझ्या मैत्रिणीच्या घड्याळानं २०.९ कसं दाखवलं? आम्ही तर बरोबरीनं पळत होतो. हे अजून कळलेलं नाही.

कोनमापक | बुधवार, संध्या. ५:१५

ताई, तुमच्या प्रश्नात तर ह्या धाग्याचा सगळा जीव आहे.

घड्याळाला तुमचा रस्ता दिसत नाही. त्याला दिसतात फक्त ठिकाणं. दर सेकंदाला, किंवा बॅटरी वाचवायच्या सेटिंगवर दर काही सेकंदांनी, 'आत्ता इथं' अशी एक खूण करतं. मग दोन खुणा सरळ रेषेनं जोडतं आणि अशा हजारो चिमुकल्या रेषा बेरजेला धरतं. म्हणजे घड्याळ प्रत्यक्षात विस्थापनंच मोजतं आणि त्यांची बेरीज करून त्याला अंतर म्हणतं. खुणा लांब लांब पडल्या की घाटातलं वळण कापलं जातं आणि अंतर कमी भरतं. मैत्रिणीचं बहुधा तसं. उलट उपग्रहाकडून येणारी जागा दोन-चार मीटर इकडं तिकडं डुचमळते. तुम्ही पाणी प्यायला उभ्या राहिलात तरी घड्याळाच्या मते तुम्ही जागच्या जागी नाचताय, तेवढं अंतर वाढतं.

जेवढ्या जवळजवळ खुणा, तेवढा अंतर आणि विस्थापनातला फरक कमी. क्षणभराचा विचार केला तर तो उरतच नाही. म्हणून गाडीच्या काट्यावर जी दिसते ती चाल (अंतर भागिले वेळ) आणि त्या क्षणीच्या वेगाचं परिमाण एकच असतं. अख्ख्या प्रवासाची सरासरी काढायला बसलात की दोघांची फारकत.

अवांतर: रस्त्यावर 'वेगमर्यादा' अशी पाटी असते ती भौतिकशास्त्राच्या मते चूक. 'चालमर्यादा' हवी. पोलिसांना हे सांगून दंड वाचलेला नाही, स्वानुभव.

वरचा_रस्ता | बुधवार, संध्या. ६:३२

कोनमापक, प्रतिसाद फार आवडला. मला एक शंका आहे, हसू नका. देवळाला प्रदक्षिणा घातली की विस्थापन शून्य, हे कळलं. पण महादेवाला आपण पूर्ण प्रदक्षिणा घालत नाही, सोमसूत्रापर्यंत (पिंडीवरचं पाणी बाहेर जायची पन्हळ) जाऊन परत फिरतो. तिथं?

कंदीपेढा | बुधवार, संध्या. ६:४०

ताई, तिथं पुण्य मोजा, मीटर नको.

कोनमापक | बुधवार, रात्री ८:०८

शंका एक नंबर आहे, वर्गात वापरणार.

नंदीपाशी सुरू केलं, डावीकडून सोमसूत्रापर्यंत गेलात, न ओलांडता मागं फिरलात, नंदीवरून पलीकडून पुन्हा सोमसूत्रापर्यंत, आणि परत नंदीपाशी. पायाखाली गेलं जवळजवळ दोन फेऱ्यांचं अंतर. विस्थापन शून्य, मारुतीच्या देवळात एक फेरी मारली तेव्हा होतं तेवढंच.

पण गंमत पुढं आहे. नेहमीच्या प्रदक्षिणेत तुम्ही देवाभोवती एका दिशेनं ३६० अंश फिरता. ते कोनीय विस्थापन. जागा बदलली नाही तरी तुम्ही फिरलात हे त्यात नोंदलेलं राहतं. महादेवाकडे दोन्ही बाजूंनी जेवढे अंश जाता, तेवढेच उलटे परत येता. तिथं कोनीय विस्थापनही शून्य. देवळाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक हातात धरून चाला, मारुतीला वेढा पडेल, महादेवाला नाही.

वरचा_रस्ता | बुधवार, रात्री ८:२०

दोरी! आता दर सोमवारी हेच डोळ्यांपुढं येणार. 🙏

लग्नाचंही कळलं मग. आपल्याकडची सप्तपदी तांदळाच्या सात राशींवरून पुढं पुढं, म्हणजे विस्थापन सात पावलं. मालिकांतले सात फेरे म्हणजे शून्य.

भडंग_मिरची | बुधवार, रात्री ८:२५

आणि दोघांच्या मध्ये धरतात तो अंतरपाट. विस्थापनपाट कुणी धरत नाही. शास्त्रकारांना सगळं माहीत होतं.

हळदव्या | गुरुवार, सकाळी १०:५०

मार्केट यार्डात कारकून आहे, हळदीच्या सौद्यावर. ह्या विषयावरनं आमच्या एका हमालाशी वाद झालाय.

पोराच्या पुस्तकात वाचलं की डोक्यावर ओझं घेऊन सपाट जमिनीवर चाललं तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य शून्य, कारण बल खालच्या दिशेला आणि विस्थापन आडवं. मी हे शहाणपण करून त्याला सांगितलं. म्हटलं, ५० किलोचं पोतं जमिनीवरनं दीड मीटर उचलून पाठीवर घेतलंस ते कार्य, ५० × ९.८ × १.५ म्हणजे ७३५ ज्यूल. पण तिथनं थप्पीपर्यंत ४० मीटर चालत गेलास त्याचं शून्य. त्यानं पोतं खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मग ते चाळीस मीटर तुमच्या पुस्तकाला नेऊ द्या."

उत्तर सुचलं नाही. कोनमापक सर, तुम्हाला सुचतंय का?

निवृत्त_फळा | गुरुवार, सकाळी ११:३०

हमाल जिंकला. त्याचे स्नायू दर क्षणाला आकसतात, सैल पडतात, त्यात ऊर्जा जळतेच. पोत्यावर झालेलं कार्य आणि माणसाला आलेला शीण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे शिकवताना मी हमालाचं उदाहरण कायम टाळत आलो. लाज वाटायची.

खोडवा | गुरुवार, दुपारी १२:४५

धागाकर्ते विचारतात विस्थापन कुणाला लागतं. आम्हा ऊसवाल्यांना लागतं.

दोन साखर कारखान्यांच्या मध्ये किती अंतर हवं ह्याचा नियम आहे. केंद्राच्या आदेशात किमान १५ किमी, महाराष्ट्रात २५. आणि हे अंतर रस्त्यानं मोजत नाहीत. हवाई अंतर. म्हणजे सरळ रेषेत, कावळ्यासारखं. तुमच्या भाषेत विस्थापनाचं परिमाण. ह्या एका सरळ रेषेवरनं आमच्या भागात किती राजकारण आणि किती कोर्टकचेऱ्या झाल्या ते लिहायला बसलो तर वेगळा धागा लागेल.

पण आमचा ऊस काय उडत जात नाही. तो ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून, ओढा आला की वळसा घालून, मोरी फुटली की अजून वळसा घालून जातो. तोडणी-वाहतूक आमच्याच बिलातनं कापतात. परवाना हवाई अंतरानं, पैसे रस्त्याच्या अंतरानं. दोन्हीचा फटका कुणाला, ते सांगायला नको.

चारभिंती | गुरुवार, दुपारी १:३०

खोडवा, हे माहीत नव्हतं. थोडा हललोय. पण बघा, हवाई अंतरात दिशा कुठं आहे? २५ म्हणजे २५, चहूबाजूंनी. म्हणजे माझा मुद्दा अजून उभा. दिशेशिवाय काम भागतं!

आयर्विनपूल | गुरुवार, दुपारी १:३४

+१

निवृत्त_फळा | गुरुवार, दुपारी १:५०

भागतं, कारण तिथं प्रश्नच 'किती लांब' असा आहे. कुठं, असा नाही.

बामणोली | गुरुवार, रात्री ९:१५

बरेच वर्षं वाचनमात्र आहे. आज राहवलं नाही.

आमच्या घरात 'विस्थापन' हा शब्द भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून आला नाही. तो आजोबांच्या कागदपत्रांत होता. कोयनेचं धरण झालं, शिवसागर भरला, गाव पाण्याखाली गेलं. भावकीतली काही घरं रायगडात गेली, काही सांगलीकडं. आमचं आणि अजून चार-पाच घरं कुठंच गेली नाहीत, तिथंच डोंगरावर वर सरकली. नववीत सरांनी फळ्यावर 'विस्थापन' लिहिलं तेव्हा मला वाटलं, आता धरणाचं शिकवणार. त्यांनी बाण काढला.

गंमत अशी की सरांच्या व्याख्येनं आमचं विस्थापन अगदीच थोडं. जुन्या घराच्या जोत्यापासून नव्या घरापर्यंत सरळ रेषेत अर्धा किलोमीटर असेल नसेल, दिशा बहुतेक वरची. कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की ते जोतं दिसतं. अंतर मात्र वाढलं. पूर्वी नदी ओलांडली की पलीकडं आत्याचं गाव, चालत. आता मध्ये जलाशय. लाँच असली तर अर्धा तास, नसली तर गाडीरस्त्यानं सगळ्या पाण्याला वळसा, अर्धा दिवस जातो. आत्याचं घर होतं तिथंच आहे, आमचंही जवळपास तिथंच.

आजोबा कधी 'विस्थापित' म्हणायचे नाहीत. "आमी उठलो," म्हणायचे. गाव उठलं.

टाचदुखी | गुरुवार, रात्री ९:४०

🙏 लिहीत राहा.

आयर्विनपूल | गुरुवार, रात्री १०:१२

बामणोली, वाचून ऑगस्ट २०१९ आठवला. मावशी सांगलीवाडीत, आम्ही नदीच्या ह्या काठाला. आमच्या गच्चीवरनं तिकडची घरं दिसतात. पुलाचे दोन्हीकडचे रस्ते पाण्याखाली. फोनवर मावशी म्हणत होती, "तुमच्या गच्चीवरचा टॉवेल दिसतोय मला," आणि आम्ही तिला साधी पाण्याची बाटली पोचवू शकत नव्हतो. आईला रोज सांगायचो, अगं समोर तर आहे. आठवड्यानं बोटीतनं आलेल्या माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवली.

कोनमापक | गुरुवार, रात्री १०:३०

बामणोली, ह्या शब्दाबद्दल मलाही कधीतरी चुकचुकतं. आम्ही तो तीन ठिकाणी वापरतो. गतीत वापरतो. रसायनात मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकला की लोखंड तांब्याला बाहेर काढून त्याची जागा घेतं, ती विस्थापन अभिक्रिया. आणि धरणाचं विस्थापन. खरं तर तुमच्या आजोबांचं विस्थापन रसायनातल्याच्या जवळचं. कुणीतरी आलं म्हणून कुणीतरी उठलं. गतीतल्या बाणाला 'स्थानांतर' म्हटलं असतं तर चाललं असतं, पण त्यात परत 'अंतर' घुसलं असतं.

कंदीपेढा | शुक्रवार, सकाळी ९:२०

वातावरण गंभीर झालंय, मी माझं संशोधन मांडतो. काल सुट्टी होती. दिवसभर सोफ्यावरून उठलो नाही. अंतर शून्य, विस्थापन शून्य. ह्या धाग्यावर दोन्ही शून्य असलेला मी एकटाच.

कोनमापक | शुक्रवार, सकाळी ९:४५

कशाच्या संदर्भात? सोफ्याच्या असेल. सूर्याच्या संदर्भात पृथ्वी सेकंदाला जवळजवळ ३० किमी पळते. कालच्या दिवसात तुम्ही सोफ्यासकट २५ लाख किलोमीटरच्या वर गेलात. वर्षभर असेच पडून राहा. सुमारे ९४ कोटी किलोमीटर अंतर होईल आणि विस्थापन परत शून्याच्या आसपास.

कंदीपेढा | शुक्रवार, सकाळी ९:४७

हे प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय.

कट्टेकरी_कराड | शुक्रवार, सकाळी ११:०५

सगळा धागा वाचला. चारभिंतींना एकच कोडं घालतो.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी येतं. आपण म्हणतो कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री पाचही तिथल्याच. कृष्णा वाईवरून खाली उतरते, माहुलीला वेण्णेला सोबत घेते आणि कराडला येते. कोयना डोंगरापलीकडून, बामणोलीवरून, कोयनानगराकडून, पाटणवरून, पूर्वेला वळून कराडला येते. आमच्या प्रीतिसंगमावर दोघी समोरासमोर येऊन भेटतात. दोघींचा आरंभबिंदू एक, अंतिम बिंदू एक. म्हणजे दोघींचं विस्थापन एकच, सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर, आग्नेयेला. कोयनेनं त्यासाठी १३० किमीच्या आसपास पाय तोडले, कृष्णेनं तिच्या वाटेनं तिचे.

आता सावित्रीकडं बघा. तीही तिथूनच निघाली. ती पश्चिमेला कडा उतरून कोकणात गेली आणि अरबी समुद्राला मिळाली. कृष्णा महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र करत बंगालच्या उपसागराला. सख्ख्या बहिणी, उगमापासून पहिले दहा किलोमीटर गेल्यावर दोघींचं 'किती लांब' विचारलं तर कदाचित एकच उत्तर येईल. दिशेला अर्धा गुण द्यायचा की नाही?

चारभिंती | शुक्रवार, सकाळी ११:२०

कट्टेकरी, हरलो.

खरंच हरलो. आज रात्री घरी येतोय, लेकीला नकाशा काढून हेच दाखवतो. मॅडमचं बरोबर होतं असंही सांगतो. लालडबा दादा, घाटातून येताना तुमची आठवण काढेन.

आयर्विनपूल | शुक्रवार, सकाळी ११:३१

मी अजून हरलो नाही. प्रश्नात दिशादर्शक बाण नव्हता हा मुद्दा शिल्लक आहे.

लालडबा | शुक्रवार, रात्री ११:५०

घाटात आज दोन ट्रक बंद पडलेत. दीड तास एका जागी उभा आहे. वेळ चालू, अंतर शून्य, विस्थापन शून्य, गाडीत एक बाळ रडतंय. चारभिंती साहेब, तुम्ही ह्याच रांगेत आहात का?

चारभिंती | शनिवार, सकाळी १०:३५

होतो दादा. पावणेदोनला घरी टेकलो.

आता ऐका. सकाळी लेकीचा पेपर प्रत्यक्ष हातात घेतला. फोटोत उजवी कड कापली गेली होती. लाल पेनानं ½ लिहिलंय ते विस्थापनाच्या ओळीपुढं नाही. ते वरच्या ओळीपुढं आहे. 'अंतर = २२०' ह्याला गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय: एकक?

विस्थापनाला पूर्ण गुण दिलेत. दिशेशिवाय.

भडंग_मिरची | शनिवार, सकाळी १०:३८

🤣🤣🤣 चार दिवस!

वरचा_रस्ता | शनिवार, सकाळी १०:४४

अहो, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये 'जसंच्या तसं' म्हणून लिहिलंय की! 'अंतर = २२०', पुढं काहीच नाही. 'विस्थापन = १४० मीटर'. आपण कुणीच पाहिलं नाही. एकतीस वर्षांच्या अनुभवानंही!

आयर्विनपूल | शनिवार, सकाळी १०:५०

म्हणजे मॅडमनी दिशा मागितलीच नव्हती. म्हणजे मीच बरोबर. सांगली जिंकली.

हळदव्या | शनिवार, सकाळी ११:१०

२२० काय? २२० पोती?

चारभिंती | शनिवार, सकाळी ११:१५

लेक म्हणते, "बाबा, मी मॅडमना सोमवारी विचारते, दिशा नव्हती तरी गुण कसे दिले." तिला मोठ्या मुश्किलीनं गप्प केलंय.

निवृत्त_फळा | शनिवार, सकाळी ११:४०

गप्प करू नका, विचारू द्या. एकक सुटलेलं माझ्या नजरेतून गेलं, चूक कबूल. पण दिशा नाही ती नाहीच. अजून अर्धा कापायला हवा.

चारभिंती | शनिवार, सकाळी ११:४२

संपादक महोदय, धागा कुलूपबंद करावा ही नम्र विनंती. सोमवारच्या आत.